‘मरण यावं तर सायकलवरच’ असं वाटणाऱ्या साठीपुढच्या मंडळींनी काय तयारी करून ठेवावी

साठी-सत्तरीतल्या सायकलवाल्यांचा कुठलाही ग्रुप घ्या, सिंहगड पायथ्याहून परत येताना खडकवासल्याला चहा-भजी झाली की कधीतरी हा विषय निघतोच. कुणाच्या तरी ओळखीतलं कुणी अचानक गेलेलं असतं आणि मग एकजण म्हणतो, आपल्याला बुवा असंच पाहिजे, चढ संपला की तिथल्या तिथे खलास, नळ्या नकोत, आयसीयू नको. सगळे माना डोलावतात, मीही डोलावतो, कारण मलाही अगदी तसंच हवंय. पण ते मिळेलच असं नाही हो. फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शां यांनी १०५ व्या वर्षी, २०१७ मध्ये, एका तासात साडेबावीस किलोमीटर सायकल चालवली होती, आणि त्यांचाही मृत्यू सायकलवर नाही झाला, २०२१ मध्ये १०९ व्या वर्षी झाला. म्हणजे रस्त्यावर अचानक येणारं मरण आणि हॉस्पिटलात रेंगाळत येणारं मरण, दोन्हीची तयारी करायची.

आधी रस्त्याचं बघू. आपलं झटकन जाणं हे मागून येणाऱ्या मित्रासाठी झटकन नसतं, त्याला तिथे थांबून सगळं निस्तरायचं असतं. म्हणून खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड पाहिजेच: नाव, रक्तगट, घरच्या दोघांचे नंबर, चालू गोळ्या, स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर तो कधी बसवला. फोन लॉक असला तरी दिसेल अशी इमर्जन्सी माहिती मोबाईलमध्ये भरता येते, नातवाला सांगा, पाच मिनिटांत करून देईल. आणि एकटे निघालात तर कुठल्या रस्त्याने जाताय ते घरी सांगून निघा, लाइव्ह लोकेशन चालू ठेवा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे नीट वाचा. डोकं आपटलं असेल तर "काही नाही झालं" म्हणून परत सायकलवर बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठून सीटी स्कॅनचं विचारायचं. आतला रक्तस्राव काही तासांनी, कधी कधी दिवसांनी त्रास द्यायला लागतो. हेल्मेट होतं म्हणून सुटलो असं समजू नका.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात दुखणं, गार घाम, किंवा नेहमीच्याच चढाला कधी न लागलेली धाप, यातलं काहीही झालं की उतरायचं, बसायचं, १०८ ला फोन लावायचा. डायबिटीस असलेल्यांना तर कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसती धाप लागते. इथे बरेच जण मला म्हणतात की अरे मग असंच जायचं होतं ना, कशाला फोन? त्यावर माझं मत स्पष्ट आहे: त्या क्षणी तुम्ही मरालच याची काही खात्री नाही, उशीर झाला की हृदयाचा स्नायू कायमचा जातो आणि मग ज्याला घाबरत होतात तेच नशिबी येतं, जिना चढता येत नाही, सायकल तर दूरच. शिवाय हा हृदयाचा झटका वेळेत सावरला तर पुन्हा कितीतरी वर्षं चालवता येते.

ग्रुपमध्ये सगळ्यांनी सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकून घ्यावं, एका रविवारची राईड रद्द करून शिका. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं. पोलिसांच्या भानगडीची भीती असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १३४अ आलंय, चांगल्या हेतूने वाहन अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव-पत्ता द्यायची सक्तीही नाही.

आता हॉस्पिटलचं, इथे जास्त वेळ द्या. "मला नळ्यांवर ठेवू नका" हे टपरीवर बोलून उपयोग नाही, त्यासाठी लिव्हिंग विल करावं लागतं, म्हणजे शेवटी कुठले उपचार हवेत आणि कुठले नकोत ते शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून कुणी फारसं करत नव्हतं, जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानेच ते सोपं केलं. आता साध्या भाषेत लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. तुमच्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं टाकायची, एकापेक्षा जास्त टाकता येतात आणि टाकाच. प्रत त्या सगळ्यांना, फॅमिली डॉक्टरना, आणि स्थानिक प्रशासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं.

लिहिताना मोघम नको. "सन्मानाने मरू द्या" यावरून डॉक्टरला काही कळत नाही. बरं व्हायची आशा नसेल तेव्हा व्हेंटिलेटर हवा का, नाकातून नळीने अन्न हवं का, डायलिसिस हवं का, एकेक लिहा. वेदना कमी करायचे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू ठेवा, हेही लिहा. आणि हा कागद लागू कधी होतो ते समजून घ्या: तुम्ही स्वतः निर्णय घ्यायच्या स्थितीत नसाल आणि सुधारण्याची आशा नसेल तेव्हाच, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी बघितल्यावर. रस्त्यावर पडल्या पडल्या मित्रांनी हात बांधून उभं राहावं असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

देहदानाचा फॉर्म भरला असेल तर एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अपघातात गेलात तर पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होतं आणि असा देह मेडिकल कॉलेज सहसा घेत नाही. नेत्रदान मात्र तेव्हाही होऊ शकतं, साधारण सहा तासांच्या आत, पंखा बंद ठेवायचा आणि डोळ्यांवर ओला कापूस ठेवायचा. ब्रेन डेड झालात, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडला, तर अवयवदानही होऊ शकतं, पण प्रतिज्ञा केलेली असली तरी त्या वेळी घरच्यांना विचारतातच, ते नाही म्हणाले की विषय संपला.

म्हणून घरी बोलणं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. बायको किंवा नवरा "सकाळी सकाळी कसलं अभद्र बोलताय" म्हणून उठून जाणार हे धरूनच चाला, पुन्हा बोला. मुलं पुण्यात एक आणि अमेरिकेत एक असतील तर दोघांना एकाच व्हिडिओ कॉलवर घ्या, वेगवेगळं सांगितलं की आयसीयूच्या दारात भांडणं होतात, लांबून आलेला म्हणतो सगळं करा आणि इतके दिवस रात्री जागलेला म्हणतो आता पुरे. दोघांसमोर कागद वाचून दाखवा, निर्णय घेणाऱ्यात पहिलं नाव त्याचं टाका जो तासाभरात पोचू शकतो, आणि दुसऱ्याला त्याचं नाव पहिलं का टाकलं नाही हेही तिथेच सांगून टाका.