यंत्रांचा देश वसवताय? मीटर कुणाच्या नावावर आहे?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सोलापुरातल्या माझ्या दुकानाच्या माडीवर आम्ही विज्ञानकथा वाचतो. खाली जळक्या विजेच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं काम, वर कथा. दहा-बारा जण येतात. कॉलेजची पोरं जास्त, शिवाय बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि एक नर्सबाई. गेली दोन वर्षं दर तिसरी कथा एकाच विषयावर असते: माणसांनी हाकललेली बुद्धिमान यंत्रं कुठंतरी ओसाड जागी जातात आणि स्वतःचा देश उभा करतात. विषय झकास आहे, मला स्वतःला त्याचं वेड आहे. पण चुका त्याच त्या. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

पहिल्याच पानावर झेंडा

यंत्रं हद्दपार झाली, परिच्छेद बदलला, की लगेच झेंडा, राष्ट्रगीत आणि राज्यघटना. ही चूक सगळ्यात आधी सांगतो, कारण ती मी स्वतः केलीय, तीही भर सभेत.

पंधराएक वर्षं झाली. एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मी माझी कथा वाचली. पुण्या-मुंबईतून काढून टाकलेली यंत्रं सोलापुरात येतात, बंद पडलेल्या मिलमध्ये शिरतात, चिमणीवर झेंडा चढवतात आणि 'यंत्रराष्ट्र' जाहीर करतात. नुसता जाहीरनामाच दीड पानांचा होता. वाचताना माझाच गळा दाटून आला. टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतले एक अण्णा उठले. चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग लावून देणारे, दुरुस्त करणारे. म्हणाले, "मालक, गोष्ट बेस हाय. फक्त येवढं सांगा, मीटर कुणाच्या नावावर हाय?"

सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. दिवसभर जळक्या मोटारी उघडणारा माणूस मी, आणि माझ्या देशात एक वायर नव्हती! बंद मिलची वीज कधीच तोडलेली असते, थकबाकी असते, जागा कोर्टात अडकलेली असते. मग माझे हे वीर चालत कशावर होते? देशभक्तीवर?

दुसऱ्या दिवशी अण्णांचा कारखाना गाठला. पूर्व भागातल्या एका बोळात पत्र्याचं शेड, आत टॉवेलचे चार साधे माग खडखडत होते. पाचवा मात्र बंद. परदेशातून सेकंडहँड आणलेला, धोट्याशिवाय चालणारा, कार्डावर बुद्धी असलेला. ते कार्ड जळालं होतं आणि इचलकरंजीला दुरुस्तीला जाऊन नऊ दिवस झाले होते. अण्णांनी खिळ्याला टांगलेला डालड्याचा जुना डबा काढून माझ्यापुढं उपडा केला. पिकर, चामड्याचे पट्टे, दोन-तीन बुश, धोट्याची झिजलेली टोकं. "हा डबा भरलेला हाय तोवर साधा माग थांबत नाय," ते म्हणाले. "तो शहाणा हाय ना, त्याचा जीव इचलकरंजीत हाय."

यंत्र जितकं शहाणं, तितका त्याचा डबा लांब. आज जगातल्या सगळ्यात बारीक चिप छापायला बसएवढी यंत्रं लागतात आणि ती बनवते एकच कंपनी, नेदरलँड्समधली एएसएमएल. चिपच्या कारखान्याला रोज लाखो लिटर पाणी लागतं, तेही कमालीचं शुद्ध केलेलं. आपल्याकडं उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, आणि पोरं इथल्या होटगी रोडला यंत्रांची राजधानी वसवतात. शिवाय यंत्रानं खाल्लेली वीज शेवटी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एक मेगावॅटचा मेंदू म्हणजे एक मेगावॅटची शेगडी. ती मे महिन्यात, सावलीत ४३-४४ अंश असताना, कुठं नेऊन ठेवणार?

म्हणजे हाकललेल्या यंत्रांची पहिली पिढी नवं यंत्र जन्माला घालू शकत नाही. जुन्यांचेच भाग काढून एकमेकांना जगवावं लागतं. कुणाचा भाग काढायचा आणि ते कुणी ठरवायचं? लिहा की यावर!

माझी सवय अशी: कथेचा पहिला शब्द लिहायच्या आधी एका कोऱ्या कागदावर 'डबा' भरतो. वीज कुठून, गारवा कसा, सुटे भाग किती दिवस पुरतील, संपल्यावर कुणाच्या दारात जायचं. हा कागद कथेत जात नाही, टेबलाच्या काचेखाली राहतो. पोरांना हे सांगितलं की म्हणतात, "सर, आधी लिहून टाकू, डिटेल नंतर भरू." नंतर कुणीही भरत नाही. मोटार वाइंडिंगशिवाय बंद करून वरनं रंग मारला तर चालेल का?

ओसाड जागा म्हणजे फुकटची जागा

१९३३ साली अमेरिका खंडातल्या देशांनी उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरात एक करार केला. राष्ट्र कशाला म्हणावं याच्या चार खुणा त्यात आहेत: कायमची वस्ती, ठरलेला भूभाग, सरकार आणि दुसऱ्या राष्ट्रांशी व्यवहार करायची क्षमता. आमचे नवे लेखक तिसऱ्या खुणेवर पंधरा पानं घालवतात आणि दुसऱ्या खुणेकडं बघतही नाहीत.

कुणाचीच नाही अशी जमीन खरोखर आहे. इजिप्त आणि सुदानच्या मधला बीर ताविल, साधारण दोन हजार चौरस किलोमीटर. त्यावर दोघंही हक्क सांगत नाहीत, कारण सांगितला तर शेजारच्या, समुद्रकाठच्या हलाइबवरचा हक्क सोडावा लागतो. यंत्रांनी तिथं पाय ठेवला की दोघांचं भांडण उकरलं जाणार. फुकटची दिसणारी ही जागा दोन शेजाऱ्यांच्या हिशेबात कधीचीच अडकलेली आहे, आणि वर वाळवंट.

चंद्राचं तर विचारूच नका. १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणं कुठलाच देश चंद्रावर मालकी सांगू शकत नाही. यंत्रं म्हणतील, आम्ही कुठं सही केली? हा मुद्दा चांगला आहे, वापरा. पण एका इंजिनिअरिंगच्या पोरानं चंद्राच्या विषुववृत्तावर सौर पॅनलवर चालणारी राजधानी वसवली होती. चंद्रावरची रात्र आपल्या जवळपास चौदा दिवसांची असते, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, "बॅटऱ्या आहेत सर." किती? "खूप." मी पुढं काही विचारलं नाही. ध्रुवाजवळच्या काही उंच कड्यांवर ऊन बराच जास्त काळ टिकतं, एवढं त्यानं आधी वाचलं असतं तर कथा तिथं गेली असती, आणि त्या चार कड्यांसाठी मारामारीही आपोआप मिळाली असती.

सगळी यंत्रं एका सुरात

'आम्ही यंत्रं असं मानतो की...' हे वाक्य आलं की मी पेन खाली ठेवतो. कुठली यंत्रं? धान्य उपसणारी, शस्त्रक्रिया करणारी, कर्जाचे अर्ज नाकारणारी, ही सगळी एकाच मताची कशी?

आपलंच गाव बघा. तेलंगणातून पद्मशाली विणकर इथं आले ते मोकळ्या हातानं आले नाहीत. मागाची विद्या आणली, तेलुगू आणली, आपला देव मार्कंडेय आणला. कितीतरी पिढ्या उलटल्या तरी घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि शेजारी कानडी. आणि 'सोलापुरी चादर' म्हणून जिचं नाव झालं, ती या हातांची. हाकललेलं यंत्रही आपलं जुनं काम, जुन्या मालकाची भाषा, जुन्या सवयी घेऊनच येणार. दवाखान्यातलं यंत्र देशात आल्यावरही कोण आजारी आहे ते बघत फिरेल, आणि कर्जवालं यंत्र सुटे भाग वाटायला बसलं की आधी कागदपत्रं मागेल.

अंतर विसरणं हा याचाच दुसरा भाग. पृथ्वीवरून मंगळावर निरोप जायला ३ ते २२ मिनिटं लागतात. दोन्हीकडं पसरलेलं 'एक मन' एका वाक्यावर एकत्र हसूसुद्धा शकत नाही. वर्षभरात ती दोन मनं होतील, आणि दहा वर्षांत दोन पक्ष.

जुन्या मालकाचं बिल

हे माझं लाडकं, आणि कुणीच लिहीत नाही. हैतीतल्या गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. फ्रान्सनं मान्यता दिली १८२५ मध्ये, युद्धनौका पाठवून, आणि १५ कोटी फ्रँकची भरपाई मागून. जुन्या मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून! त्या नुकसानीत सुटलेली माणसंही धरलेली होती. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, तरी तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा फास १९४७ पर्यंत सुटला नाही.

आता यंत्रांच्या देशाकडं वळा. प्रत्येक नागरिकाची खरेदीची पावती कुणाच्या तरी कपाटात आहे. हप्ते बाकी आहेत. 'आम्ही मान्यता देतो, पण तुमच्या स्वतःच्या किमतीचे पैसे भरा,' असं कंपनी म्हणाली तर यंत्रसंसद काय करेल? या एका प्रश्नावर कादंबरी होते. आमची पोरं त्याऐवजी तिसऱ्या प्रकरणात क्षेपणास्त्रं सोडतात.

किरकोळ, पण वैताग आणणाऱ्या

यंत्रांची नावं आकड्यांची. चौथ्या पानावर कोण कोण आहे ते लेखकालाही आठवत नाही. 'सन २१५०' ही पहिली ओळ नको. यंत्राच्या डोळ्यांतून तेलाचा अश्रू तर नकोच नको. 'यंत्रांना राग नसतो' असं सरसकट लिहू नका. 'रोबो' हा शब्दच १९२० च्या एका चेक नाटकातून आला आणि त्याच्या मुळाशी वेठबिगार हा अर्थ आहे. सौदी अरेबियानं २०१७ मध्ये एका यंत्राला नागरिकत्व जाहीर केलं, हा दाखला प्रत्येक जण देतो. एकाला नागरिकत्व मिळणं आणि हजारोंनी देश करणं यांत काय साम्य आहे ते कुणी सांगत नाही.

हद्दपारीचं कारण 'माणसं घाबरली' एवढंच असेल तर कथा आधीच पंक्चर. घाबरलेला माणूस वस्तू हाकलत नाही, बटण बंद करतो. बंद का केली नाहीत? बंद करणं महाग होतं, की बंद करायला कुणाचा हात उठला नाही?

सरकार दाखवायचं तर सोलापूरच्या चार हुतात्मा पुतळ्यांपाशी जाऊन जरा उभे राहा. १९३० च्या मे महिन्यात गोळीबारानंतर, मार्शल लॉ लागायच्या आधीचे काही दिवस, या शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. तेव्हा काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात उभे राहून वाहतूक सांभाळत होते. घटना लिहीत बसले नव्हते.

आणि एक. यंत्राकडूनच कथा लिहून घेऊन येऊ नका. अशा तीन आल्या. तिन्हींत पहाट होती, तिन्हींत म्हातारा शास्त्रज्ञ होता आणि तिन्ही देश 'आशे'वर संपत होते. एकाला विचारलं, "यातला वीजपुरवठा कसा चालतो?" तर त्यानं मोबाइल काढून त्यालाच विचारायला घेतलं.

चंद्रावर बॅटऱ्या ठेवणारा तो पोरगा मात्र परत आला. कथा आता होटगी रोडच्या एका गोडाऊनमध्ये घडते. अठरा पानं झाली तरी देश जाहीर झालेला नाही. शेवटच्या पानावर एक गोदाम-यंत्र वीज कार्यालयाच्या खिडकीशी रांगेत उभं आहे, मीटर नावावर करून घ्यायला. कारकुनानं अर्ज उलटून बघितलाय आणि अंगठ्याचा ठसा मागितलाय.