स्लो कुकरमध्ये उकड्या तांदळाचा भाजीभात

स्लो कुकरात, म्हणजे विजेवर मंद आचेत तासन्तास शिजवणाऱ्या भांड्यात, भात म्हटलं की लोक कोलम नाहीतर आंबेमोहर घालतात, त्याचा होतो लगदा आणि मग शिव्या बिचाऱ्या कुकरला. आपल्याकडचा उकडा घ्या ना! तो तुसासकट उकडून, वाळवून मग भरडलेला असतो त्यामुळे दोन-अडीच तास गरम पाण्यात राहिला तरी दाणा फुटत नाही, लाल असेल तर अजून छान.

चार जणांना दीड वाटी तांदूळ पुरे, साडेतीन लिटरच्या भांड्यात आरामात होतो. तासभर भिजवा. पाणी वाटीला सव्वादोन वाट्या, त्यावर नाही. गॅसवर आपण उकड्यात हवं तेवढं पाणी ओततो आणि निवळ काढतो, इथे ते चालत नाही कारण झाकणाला लागलेली वाफ परत खाली पडते, पाणी जवळजवळ आटतच नाही आणि भाज्यांचंही सुटतं ते वेगळं.

भाज्या पावसात असतील त्या. सुरण, फणसाच्या आठळा, बटाटा, शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा. कंदमुळं यात मटणापेक्षाही हळू शिजतात, हे पटत नाही पण खरंय, म्हणून सुरण-बटाटा बोराएवढा चिरून अगदी तळाशी, आठळा सोलून अर्ध्या करून त्यांच्यासोबत. सुरण आधी पंधरा मिनिटं आमसुलाच्या पाण्यात ठेवून धुवा नाहीतर घसा खाजलाच समजा. भोपळा शेवटच्या पाऊण तासात, आधी घातलात तर शोधावा लागेल. कडवे वाल घालायचे तर मोड आणून, सोलून, गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळून मगच घाला. राजम्याला तर हे हवंच, त्यातलं लेक्टिन (कच्च्या दाण्यातलं बाधणारं प्रथिन) कुकरच्या लो वर, म्हणजे मंद आचेवर, नीट जात नाही आणि पोट बिघडतं.

फोडणी मात्र कढईतच. स्लो कुकरमध्ये मोहरी तडतडत नाही, कांदा लाल होत नाही, नुसता उकडतो. तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, कांदा चांगला परतून, हळद, दोन चमचे मालवणी मसाला, मग निथळलेले तांदूळ दोन मिनिटं परता आणि हे सगळं भाज्यांवर ओतून मीठ आणि गरम पाणी घाला. गार पाणी घातलंत तर तापायलाच तास जातो. कुकरचं चिनीमातीचं भांडं फ्रीजमधलं असेल तर उलट गरम ओतू नका, तडा जाईल. हाय वर दोन-अडीच तास, आणि सारखं झाकण उघडून बघायचं नाही, गेलेली वाफ भरून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. (सासूबाई घरात असतील तर अवघड आहे.)

आमसुलं आणि नारळाचं दाट दूध शेवटच्या पंधरा मिनिटांत. आंबट आधी पडलं की आठळा कडकच राहतात, आणि दूध फाटतं.

आता लाईट. ती जाणारच. अर्ध्या तासात आली तर झाकण न उघडता तसंच चालू द्या, त्याहून जास्त गेली तर सरळ पातेल्यात ओतून गॅसवर शिजवा. तुम्ही घरी नव्हतात आणि किती वेळ नव्हती ते कळत नसेल तर टाकून द्या, जीव तुटतो पण टाकाच.

उरलेला रात्रभर वॉर्मवर ठेवू नका, पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कढईत पाण्याचा हबका मारून वाफ येईपर्यंत गरम करा, स्लो कुकरमध्ये नको, तो फार हळू तापतो.