ट्रॉली ओढणाऱ्या गाडीची क्राऊन-पिनियनची जोडी कशी बदलावी

पिकअपच्या मागे हजार लिटरची टाकी लावली की पाण्याचंच वजन एक टन, ट्रॉलीचं लोखंड वेगळं. सोलापूरच्या सपाटीवर ते जाणवत नाही. तुळजापूरचा घाट लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि क्लचचा वास सुटतो. अशा गाडीला मागच्या आक्सलचा रेशो बदलणं हा सरळ उपाय आहे. त्याने ओढ वाढते. ब्रेक आणि आरसीवरचं वजन मात्र होतं तेवढंच राहतं.

इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याच्या (प्रोपेलर शाफ्ट) टोकाचा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो फिरवतो ते मोठं दातेरी चक्र म्हणजे क्राऊन. रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. 41 ला 11 म्हणजे 3.73. क्राऊन 41 चाच ठेवून पिनियन 9 दाती घेतला तर 4.56, म्हणजे चाकावर 22 टक्के जास्त ओढ. पण 215/75 आर15 टायर आणि 1:1 चा टॉप गिअर धरला तर 80 च्या वेगाला इंजिन 2250 ऐवजी 2750 आरपीएमवर फिरेल, आणि रिकाम्या फेरीतही डिझेल जास्त जाईल. आठवड्यातले चार दिवस पुण्याला रिकामी पळणारी गाडी असेल तर 10 दाती पिनियन घेऊन 4.10 वर थांबा. वर मोठे टायर चढवले तर मेहनत पाण्यात. फोर बाय फोर असेल तर पुढचा आक्सलही त्याच रेशोचा हवा, नाहीतर डांबरीवर फोर लावताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या आक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आवळून बसते.

जोडी घेताना क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला नंबर एकच आहे ना, ते पाहा. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन, स्वस्तात मिळाले तरी नको. केजही (क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो तो सांगाडा) तपासा: डाना 44 (आक्सलचा एक अमेरिकन नमुना) धाटणीच्या हौसिंगला, म्हणजे आक्सलच्या कवचाला, 3.73 पर्यंत एक केज लागते आणि 3.92 पासून वर दुसरी. वरच्या उदाहरणात केजही बदलावी लागेल, हा खर्च दुकानदार आधी सांगत नाही.

तेल काढा, हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) ओढा, प्रोपेलर शाफ्ट खूण करून सोडा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण ठोका, अदलाबदल चालत नाही. प्रत्येक जुना शिम (जागा जुळवायची पातळ चकती) मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवा. नवा क्राऊन तेलात 80-90 अंशांपर्यंत तापवला की केजवर अलगद बसतो. गॅसची ज्योत लावू नका. (मे महिन्यातलं आपलं ऊनही त्याला पुरत नाही.) बोल्ट नवेच, लॉकिंग द्रव लावून, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

आता खरं काम: पिनियन किती आत बसला. "बॅकलॅश बसला की झालं" असं सांगणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी सोडू नका. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, 0.15 ते 0.20 मिमीमध्ये अगदी बरोबर असूनही पिनियन 0.1 मिमी चुकीच्या खोलीवर बसू शकतो. मग दात माथ्यावर किंवा मुळाशीच भार घेतात, गाडी 50 च्या वर कण्हत राहते आणि ट्रॉली लावल्यावर दात तुटायला वेळ लागत नाही.

सुरुवात जुन्या शिमच्या जाडीपासून करा. त्यात जुन्या आणि नव्या पिनियनच्या तोंडावर कोरलेल्या अधिक-उण्याचा फरक धरा. पण तो अंदाजच आहे, निकाल दातांवर उठणारी रंगाची छाप देते. चाचणीसाठी जुन्या बेअरिंगचं आतलं भोक घासून सैल करून ठेवा, म्हणजे शिम बदलताना दर वेळी प्रेस लागणार नाही. नवं बेअरिंग पाच वेळा काढलंत तर ते वाया गेलंच समजा. चाचणीत स्लीव्हही (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली दबणारी नळी) घालू नका. नट हलका जोर येईपर्यंतच आवळा.

शेंदूर तेलात पातळ कालवून क्राऊनच्या पाच-सहा दातांना लावा. (शेंदरात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.) क्राऊनवर लाकडी ठोकळा दाबून धरा आणि पिनियन दोन्ही बाजूंनी फिरवा, भाराशिवाय उठलेली छाप खोटी. दाताच्या फुगीर बाजूवर लांबट डाग मधोमध हवा. डाग मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करा. माथ्याकडे सरकला तर शिम वाढवा. (शिम पिनियनच्या डोक्यामागे किंवा आतल्या कपाखाली असेल तरच हा नियम.) डाग क्राऊनच्या केंद्राकडच्या टोकाला जमला तर बॅकलॅश कमी आहे, क्राऊन पिनियनपासून दूर न्या. पहिला बदल 0.10 मिमीचा, पुढचे 0.05 चे, आणि प्रत्येक शिमनंतर बॅकलॅश पुन्हा बसवूनच छाप बघा. एका वेळी दोन्ही हलवलंत तर काय सुधारलं ते कळत नाही. क्राऊनवर चार ठिकाणी डायल गेज लावा, फरक 0.08 मिमीपेक्षा जास्त आला तर क्राऊन खाली कचरा राहिला आहे.

छाप जमली की नवी बेअरिंग, नवी स्लीव्ह, नवा नट. स्लीव्ह एकदाच दबते. प्रीलोड (नट आवळून बेअरिंगवर बसवलेला दाब) ओलांडून गेला तर नट ढिला करून "बरोबर" करता येत नाही, स्लीव्ह फेकावी लागते. नट थोडा थोडा आवळा आणि मध्ये मोजत राहा. फ्लँजला (पिनियनच्या बाहेरच्या टोकाची चकती) दोरी गुंडाळून लटकत्या काट्याने ओढा: 5 सेंटिमीटर त्रिज्येवर काटा 5 किलोच्या आसपास दाखवत दोरी सारखी सुटत राहिली, तर नव्या बेअरिंगना अडीच न्यूटन-मीटर प्रीलोड बसला. केज आत घालण्याआधीच हे मोजा. गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

केज बसवा, बॅकलॅश पुन्हा तपासा, आक्सलच्या गिअरसाठीचं जीएल-5 प्रतीचं तेल भरा. पहिली फेरी मोहोळपर्यंत, रिकामी, 60 च्या आत. तिथे हौसिंग गार होऊ द्या. पहिले 800 किलोमीटर ट्रॉली नाही, मग तेल बदला.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून निघत असेल तर खऱ्या 60 ला काटा 73 दाखवेल. केबलच्या टोकाचा छोटा गिअर 18 दाती असेल तर त्याजागी 22 दाती घाला.