भिगवणला सकाळी चिखल्या, तुतवार, टिलव्यांचे फोटो कसे काढायचे

उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणला बहुतेकजण रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला जातात, बोटीतून लांबचे गुलाबी ठिपके टिपतात आणि मासे-भाकरी खाऊन परत. हरकत नाही, पण काठच्या चिखलात जे बारके पक्षी पळत असतात ना, तुतवार, कंठेरी चिखल्या, छोटा टिलवा, आणि लांब लाल पायांचा शेकाट्या, त्यांना टिपण्यात जास्त मजा आहे आणि बोटसुद्धा लागत नाही. फक्त लवकर उठायचं आणि एका जागी गप बसायचं, दुसरं जास्त अवघड.

आधी जागा. डिसेंबर ते मार्च हा चांगला काळ. पावसाळ्यानंतर उजनी भरलेली असते, मग पाणी जसं उतरतं तसा गाळ उघडा पडतो आणि त्यातले किडे-अळ्या खायला हे पक्षी येतात. त्यामुळे काठ सारखा सरकतो, मागच्या महिन्यात जिथे पक्षी होते तिथे आता भेगा पडलेल्या असतात. म्हणून आदल्या दिवशी जवळच्या कुंभारगाव किंवा डिकसळच्या एखाद्या गाईडला फोन करून पाणी कुठवर आहे आणि गाळ कुठे खोल आहे हे विचारून घ्या, वरून सुकलेला दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो.

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तुम्ही साडेसहाला काठावर पाहिजे. पुण्याहून शंभरेक किलोमीटर आहे, म्हणजे चारला निघा. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून बसायचं. साडेनऊच्या आसपास ऊन तापलं की गाळावरची हवा थरथरायला लागते, मग कितीही महाग लेन्स असली तरी फोटो धूसरच येतो, त्यामुळे खरं काम पहिल्या दोन तासांतच.

आता मुख्य गोष्ट, पक्ष्यामागे चालत जायचं नाही. हे पक्षी पाण्याच्या कडेकडेने चरत पुढे सरकतात, त्यांचा रस्ता जवळपास ठरलेला असतो. थोडा वेळ लांबून बघा कुठल्या दिशेने येतायत, आणि वळसा घालून त्यांच्या बरंच पुढे जाऊन बसा. बसा म्हणजे खरं तर पालथे पडा, खाली गोणपाट किंवा प्लास्टिक टाकून. छोटा टिलवा जेमतेम चिमणीएवढा, उभ्याने काढला तर मागे नुसता चिखल दिसतो, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा आला की मागचं पाणी छान धूसर होतं. ट्रायपॉड घरी ठेवा, जुन्या परातीत तांदळाची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा, परात ओल्या गाळावर मस्त सरकते. दिसायला येडपट दिसतं, चालतं.

आणि टिटवीला सांभाळा. ती ओरडायला लागली की आख्खा काठ उडालाच म्हणून समजा. तिने मान वर केली की थांबायचं, ती परत चरायला लागली की मगच हलायचं.

सेटिंग सोपं आहे. 400 ते 600 एमएमची लेन्स असेल तर उत्तम, मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा पण चालतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं, चरणाऱ्या पक्ष्याला शटर 1/1000 सेकंद, पळणाऱ्या-उडणाऱ्याला 1/2000, आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ऑटोवर, फोकस कंटिन्युअस, म्हणजे पक्षी हलला तरी सोबत सरकणारा, आणि डोळ्यावर. शेकाट्याचं पोट पांढरं शुभ्र असतं, उन्हात फोटोत त्याचा नुसता पांढरा डाग होतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघून खात्री करा.

मार्चपासून जास्त जपायचं. टिटवी, कंठेरी चिखल्या, नदीसुरय हे उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालतात आणि ती अजिबात दिसत नाहीत, तेव्हा पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर आल्या पावली मागे फिरा, फोटो राहू दे.

जवळ आलेल्या पक्ष्याचे एकदोन फोटो पायांसकट पूर्ण काढा. पायात कडी किंवा रंगीत पट्टी असेल तर झूम करून त्यावरची अक्षरं वाचा आणि तारीख-ठिकाणासह फोटो बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा, हे छोटे टिलवे आर्क्टिककडून येतात आणि कुठला कुठून आला हे अशा फोटोंवरूनही कळतं.