शेपूट फिरणारी आरसी गाडी: आधी मागचा टो-इन
वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल देताच आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाडीची शेपूट फिरत असेल, तर स्प्रिंग बदलण्याआधी मागचा टो-इन (वरून पाहता मागच्या चाकांची पुढची बाजू किती आत वळली आहे तो कोन) तपासा. बहुतेक गाड्यांत तो दोन्ही बाजूंना २ ते ३ अंश असतो. अर्धा अंश वाढवला तरी मागची पकड जाणवण्याइतकी सुधारते. बदल्यात सरळ पट्ट्यात वेग थोडा घटतो आणि गाडी वळायला आळशी होते.

तेवढ्याने भागलं नाही तर मागच्या वरच्या कॅम्बर लिंककडे (चाकाची वरची बाजू गाडीला जोडणारा दांडा) वळा. लिंकच्या आतल्या बॉल स्टडखाली (लिंकचं टोक ज्यावर बसतं तो गोल डोक्याचा स्क्रू) १ मिमीचा वॉशर घातला की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली येतो, गाडी जास्त झुकते आणि सहसा मागची पकड वाढते. इथेच बरेच जण फसतात: वॉशर घातल्यावर चाकाचा कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेर कल; वरची बाजू आत असेल तर उणे) बदलतो. तो टर्नबकलने (फिरवून लिंकची लांबी कमी-जास्त करायचा भाग) पुन्हा पूर्वीइतका, समजा उणे २ अंश, करून घ्या. नाहीतर फरक नेमका कशाने पडला ते कळणारच नाही.

हे कोन मोजताना बॅटरी आत हवी, गाडी सपाट फळीवर हवी आणि आधी मागून दोनदा दाबून सोडलेली हवी. टायर गुळगुळीत झाले असतील तर मात्र ही सगळी खटपट व्यर्थ.