जुन्या कॉम्प्युटरसाठी, मोबाइलसाठी ब्राउझर शोधताय? या चुका टाळा

जुनं मशीन नीट चालत असतं, पण साइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं झळकतं. मग मिळेल तो ब्राउझर टाकून बघायचा सपाटा सुरू होतो. त्याआधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि चांगल्या साइटचं प्रमाणपत्रही (साइटची डिजिटल ओळख, तिला मुदत असते) अवैध ठरतं. सेल बदला, तारीख लावा. अनेकदा एवढ्यावरच काम होतं.

तारीख बरोबर असूनही तोच मेसेज येत असेल, तर बहुधा मूळ प्रमाणपत्रांची यादी जुनी असते; साइटचं प्रमाणपत्र खरं की खोटं हे याच यादीवरून ठरतं. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये साइट्सना मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं नवं मूळ प्रमाणपत्र नाही आणि असंख्य साइट्स याच संस्थेवर अवलंबून आहेत. फोनच्या यादीवर विसंबणारा ब्राउझर तिथे अडतो. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत आणतो, म्हणून अशा फोनवर आधी तो टाकून बघा. प्ले स्टोअरवर त्या फोनला चालणारी शेवटची आवृत्ती बहुधा मिळते.

दुसरी चूक नावावर जाण्याची. महत्त्वाचं असतं ते आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा भाग, आणि त्याचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते. जुन्या आयफोनवर क्रोम टाका की फायरफॉक्स, आत अॅपलचं वेबकिटच चालतं आणि ते आयओएसबरोबरच अपडेट होतं. आयओएस थांबलं की सगळे ब्राउझर तिथेच थांबले. त्यात वेळ घालवू नका.

विंडोज ७ आणि ८.१ वर मात्र पर्याय आहेत. तिथे क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, म्हणजे जानेवारी २०२३ ची. ‘अजून चालतंय ना’ म्हणून अनेक जण तीच वापरत राहतात आणि हे मला फार धोक्याचं वाटतं. फायरफॉक्स ११५ ईएसआरला (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) त्यानंतरही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं मुदतही वाढवली. सध्याची मुदत बघून तोच घ्या. विंडोज एक्सपीसाठी क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या खुल्या कोडवर, बेतलेला सुपरमियम आहे. वाचायला, शोधायला उपयोगी, पण बँकेचं काम त्यावर करू नका. ब्राउझर नवा असला तरी खालची सिस्टिम उघडीच राहते. आणि डाउनलोड प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरूनच करा.

काही जण युजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो ते आपलं नाव-आवृत्ती, बदलून साइटला फसवतात. साइट फक्त नाव बघून अडवत असेल तरच ते चालतं. इंजिनला नवी जावास्क्रिप्ट कळत नसेल, तर पान कोरंच राहणार.

मॅकवरही सफारी मॅकओएसला बांधलेली आहे, तेव्हा फायरफॉक्स बघा.

कॉम्प्युटर असेल तर माझं स्पष्ट मत: प्रोसेसर ६४ बिट असला की विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाका, त्यावर आजचा फायरफॉक्स मिळतो. प्रोसेसर तपासायची पायरी गाळू नका. ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम २०१६ मध्येच बंद झालं आणि फायरफॉक्सनेही आता हात काढून घेतला आहे. रॅम २ जीबी असेल तर जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन लावा आणि टॅब मोजकेच उघडा. आधी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. जुन्या फाइल्सची प्रत दुसरीकडे काढून ठेवल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका.