फ्लूची मोठी साथ आली तर घरात कोणाला कसं जपायचं

स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. साठीच्या पुढच्यांना त्या साथीत लागण कमी झाली, कारण जुन्या फ्लूशी झालेली ओळख त्यांच्या शरीराला कामी आली. झळ बसली ती मुलांना, तरुणांना, गरोदर बायकांना. तेव्हा ‘साथ आली, आजी-आजोबांना जपा’ एवढ्यावर थांबू नका. मास्क नि गोळ्यांची यादी नंतर, आधी माणसांची यादी करा.

पायरी १ : नावं लिहा

पाच वर्षांखालची मुलं, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बायका, ६५च्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, वजन फार जास्त असलेले. घरातल्या अशा प्रत्येक नावापुढे खूण करा. शेजारी त्यांच्या रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा नंबर लिहा.

मग घरात रोज येणाऱ्यांची नावं त्याच कागदावर घ्या : पोळ्या करणाऱ्या मावशी, भांड्यांच्या ताई, आजोबांना सांभाळणारा मुलगा. हीच नावं नेमकी राहून जातात.

पायरी २ : खूण केलेल्यांचा ताप अंगावर काढू नका

ऑसेल्टामिविर, म्हणजे आपल्या ओळखीची टॅमीफ्लू, पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. म्हणून ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. धोक्यातल्या माणसाला रिपोर्टची वाट न पाहता गोळी सुरू करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. मनानं घेऊ नका.

एरवी धडधाकट असलेल्याला साधा सर्दी-ताप असेल तर तपासणीची गरज नसते, घरीच झोपावं. २००९ साली पुण्यातल्या नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. साध्या सर्दीवाल्यानं खऱ्या रुग्णाला खेटून उभं राहणं म्हणजे आजार विकत घेणं.

दरवर्षीची लस नव्या विषाणूवर चालेलच असं नाही. नवी लस आली की खूण केलेल्यांना आधी द्या, पण तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. गरोदर बाईला इंजेक्शनची लस चालते, नाकात फवारायची जिवंत विषाणूची नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही, म्हणून त्याला उचलून घेणाऱ्या सगळ्यांनी ती घ्यावी. आईला फ्लू झाला तरी तिनं मास्क लावून अंगावर पाजत राहावं. आणि मुलांना तापासाठी अॅस्पिरिन कधीही देऊ नका.

पायरी ३ : मावशींशी आजच बोला

चार घरची कामं करणाऱ्या बाईला खाडा परवडत नाही, म्हणून ती तापातही येते. “ताप आला तर येऊ नका, पैसे कापणार नाही,” हे साथ येण्याआधी सांगा आणि पाळा. माझ्या मते सॅनिटायझरच्या दहा बाटल्यांपेक्षा या वाक्यानं घर जास्त सुरक्षित राहतं. पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप आला नाही, की मग परत यावं.

एका खोलीत पाच जण राहत असतील तिथे ‘स्वतंत्र खोलीत राहा’ हा सल्ला काय कामाचा? खिडकी-दार उघडं ठेवा. मास्क आजाऱ्याला लावा. त्याचं डोकं इतरांच्या पायांकडे येईल असं अंथरूण घाला. सेवा एकानंच करावी, तीही खूण नसलेल्यानं. वापरलेले मास्क, टिश्यू वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून द्या. कचरा पुढे कुणाच्या तरी हातांनीच वेगळा होतो.

(गाडीवरचा स्कार्फ धुळीपुरता ठीक आहे. तो मास्क नव्हे.)

पायरी ४ : कॉट बेसिसवाले

घरापासून लांब, खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी जोड्या ठरवाव्यात. एकाला ताप आला तर दुसऱ्यानं मेसचा डबा दाराशी ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ हाक मारून बघायचं.

पायरी ५ : कधी हलवायचं

धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बोलण्यात भ्रम, ऑक्सिजन ९४च्या खाली. मुलांमध्ये भरभर श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध-पाणी न घेणं, झटके. यातलं काहीही दिसलं तर १०८ला फोन करा. उतरलेला ताप दोन दिवसांनी जोरात परत आला तर न्यूमोनिया असू शकतो, तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टर गाठा.